हिअर इट इज : लेनर्ड कोहेनची गाणी जॅझवाल्यांच्या हातात

कॅनडाचा कवी-गायक कोहेन, त्याची बारा गाणी, ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीचा २०२२ चा अल्बम, आणि सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वाजवणारे कुठेही शब्दांच्या अंगावर येत नाहीत. मला तीच धास्ती होती, आपण भावगीतं ऐकत वाढलेली माणसं, शब्द दाबला गेला की जीव तुटतो. निर्माता लॅरी क्लाइनने बँड एकच ठेवलाय, बिल फ्रिझेलची गिटार, इमॅन्युएल विल्किन्सचा सॅक्स, शिवाय पियानो, बेस, ड्रम्स, आणि गायक मात्र बदलत जातात.

कोहेन नुसता कवी, चालीत काय दम नाही असं म्हणणाऱ्यांनी ॲव्हलांच ऐकाच. शब्दच नाहीत, विल्किन्सचा सॅक्स गातोय, आणि गाण्यातला काळोख तसाच्या तसा! यू वाँट इट डार्कर रॉकवाल्या इगी पॉपने जवळजवळ बोलूनच म्हटलंय, त्या नावाचा कोहेनचा अल्बम ऑक्टोबर २०१६ मध्ये आला आणि तीन आठवड्यांच्या आत कोहेन वारला, हे माहीत असलं की तो खर्ज अजूनच लागतो.

पण माझं गाणं मेव्हिस स्टेपल्सचं, इफ इट बी युअर विल. तुझी इच्छा असेल तर मी गप्प होतो असं देवाला सांगणारी प्रार्थना आणि चर्चमध्ये गात मोठी झालेली बाई, म्हणजे आपल्या अभंगाच्या अगदी जवळचं काहीतरी. गंमत बघा, कोहेन १९९९ मध्ये आपल्या मुंबईत आला, केम्प्स कॉर्नरला राहून रमेश बाळसेकरांकडे जायचा, तेच ज्यांनी निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत नेली. कर्ता मी नाही ही त्यांची शिकवण ऐकायला तो इथवर आला, आणि हे गाणं मात्र त्याने १९८४ मध्येच काढलेलं होतं.

हॅलेलुया छान गायलंय पण नवीन काही नाही. मधे जेम्स टेलरच्या गाण्याच्या आसपास सगळं एकाच संथ लयीत जातं, तिथे थोडं सुस्त वाटतं. क्लाइननेच जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकबरोबर २००७ मध्ये गायिका जोनी मिचेलच्या गाण्यांचा रिव्हर हा अल्बम केला होता, ग्रॅमीत अल्बम ऑफ द इयर मिळालेला, त्यात वादक जास्त मोकळे सुटलेत, त्यामुळे पक्क्या जॅझवाल्यांना हा मवाळ वाटेल.

लोकलमध्ये ऐकू नका, बेस अख्खा हरवतो. घरी बऱ्यापैकी हेडफोनवर, आणि सुरुवात मेव्हिसपासून करा.