बांदोड्यातलं आमचं कारंजं आणि ते दुरुस्त करणारे मिस्त्री

माझं माहेर पणजीतलं. आल्तिन्हो टेकडीच्या पायथ्याचा झरा, ज्याच्यावरून फोंतायनश या जुन्या वस्तीला नाव मिळालं, आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. पाण्याचा आवाज कानात बसलेला. म्हणून निवृत्तीनंतर बांदोड्याच्या घरी अंगणात कारंजं हवंच, असा माझा हट्ट होता.

तीन थाळ्यांचं, साडेचार फूट उंचीचं दगडी कारंजं घेतलं. जिथून घेतलं त्यांच्याच माणसांनी ते एका दिवसात बसवून दिलं. एकूण 42 हजार रुपये लागले. त्यांचं नाव लिहीत नाही, पण पंधरा दिवसांत माझा जीव मेटाकुटीला आला. पाणी वरच्या थाळीतून एकाच बाजूने ओघळायचं, तेही बारीक धारेने. टाकी रोज चार बोटं रिकामी व्हायची. पंप होता चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या फरशीखाली, तो बाहेर काढायला दोन गडी लागायचे. मग साफ कोण करणार? मधे आठ दिवस मी भावाकडे गेले होते, पंप बंद होता. परत येऊन बघते तर पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. पावसाळ्याच्या तोंडावर डेंग्यूची भीती आम्हा सगळ्यांनाच असते. मी त्या दिवशी टाकी उपसून टाकली आणि रडले.

शेजारणीने डिचोली तालुक्यातल्या एका मिस्त्रींचा नंबर दिला. त्यांच्याच कामाबद्दल मला हे लिहायचं आहे.

आल्या आल्या त्यांनी पारदर्शक नळी पाण्याने भरली आणि तिची दोन टोकं थाळीच्या समोरासमोरच्या काठांना लावली. एका बाजूला पाणी काठाच्या बोटभर वर दिसलं. पायाच कलला होता. मग पंपाचा खोका मागितला. त्यावर 'हेड 1.8 मीटर' लिहिलेलं. म्हणाले, "बाई, पंप बिघडलेला नाही, कमी पडतोय. 1.8 मीटर उंचीवर हा पाणी टाकायचंच बंद करतो. टाकीतल्या पाण्यापासून वर साडेचार फूट कारंजं, म्हणजे जवळजवळ 1.4 मीटर, आणि टाकीतलं पाणी खाली गेलं की त्याहून जास्त. म्हणजे तो शेवटच्या दमावर चालतोय." हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी 3 मीटर हेडचा पंप बसवला आणि धार कमी-जास्त करायला व्हॉल्व्ह दिला.

टाकी गळत होती कारण ती चिऱ्याची, आणि चिरा पाणी पितो. आतून वॉटरप्रूफिंग मिसळलेला गिलावा केला, चार दिवस पाणी भरून ठेवलं आणि काठावर खडूने खूण करून रोज पातळी पाहिली. काठाखाली जादा पाण्याची वाट काढून ती माडाच्या आळ्यात सोडली, म्हणजे पावसात टाकी भरून वाहणार नाही. विजेसाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ, लावली. पाण्यात हात घालण्याआधी ते स्वतः प्लग काढतात, माझ्याकडूनही तेच करून घेतलं.

मला सगळ्यात आवडली ती पंपावरची जाळी. फरशीच्या जागी प्लास्टिकची जाळी, वर धुतलेले गोटे. मी एकटी उचलू शकते. दर पंधरवड्याला पंप काढते, जाळीवरची आंब्याची पानं झटकते, पंपाचं तोंड उघडून पातं जुन्या टूथब्रशने घासते. एकदा पात्यात करंगळीच्या नखाएवढी गोगलगाय अडकली होती, तेवढ्यानेच धार निम्मी झाली होती. पांढरा थर धरला तर विनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून अर्धा तास बुडवते. एप्रिल-मेमध्ये पाणी भराभर उडतं, तेव्हा रोज एक बादली घालायची. पंप पाण्यानेच थंड राहतो, कोरडा चालला की जळतो. टाकीत गप्पी मासे सोडलेत, अळ्या परत दिसल्या नाहीत.

या सगळ्याचे 11,500 रुपये झाले, पंप धरून. नंतर दोनदा न बोलावता येऊन पाहून गेले, पैसे घेतले नाहीत.

एक अडचण सांगते. जून ते सप्टेंबर ते गिलाव्याचं काम घेत नाहीत, ओला चिरा गिलावा धरत नाही म्हणतात. काम करून घ्यायचं असेल तर दिवाळीनंतर बोलवा आणि सकाळी आठच्या आत फोन करा. यंदा चवथीच्या आदल्या दिवशी मी एकटीने अख्खी टाकी धुतली. चाळीस मिनिटं लागली.