नकार देता येणारा फोन : ग्राफीनओएसचा काही महिन्यांचा अनुभव

फोन विकत घेतला की तो आपल्या मालकीचा झाला, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यावरचे कोणते ॲप इंटरनेटवर जाईल, आपली हालचाल कोणाला मोजता येईल आणि मूळ सॉफ्टवेअर कोणते चालेल, हे ठरवण्याचा अधिकार बहुतेक फोनमध्ये खरेदीदाराकडे नसतो. तो अधिकार हातात असावा एवढ्याच हेतूने मी पिक्सेल फोनवर ग्राफीनओएस बसवले आणि गेले कित्येक महिने तोच माझा रोजचा फोन आहे. मी समाधानी आहे. तरीही या काळात ज्या एका गोष्टीने मला अस्वस्थ केले ती फोनच्या आतली नसून बाहेरची आहे, आणि हे लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

ग्राफीनओएस ही अँड्रॉइडच्या खुल्या स्रोतावर उभारलेली ऑपरेटिंग सिस्टीम आहे. ती सध्या फक्त गूगलच्या पिक्सेल फोनवर चालते, आणि गूगलपासून अंतर राखण्यासाठी गूगलचाच फोन घ्यावा लागतो याचे अनेकांना नवल वाटते. त्यामागचे कारण तांत्रिक आहे. पिक्सेलमध्ये दुसरी सिस्टीम बसवल्यानंतर बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टीम चालू करणारा भाग, पुन्हा कुलूपबंद करता येतो, त्यामुळे फोन प्रत्येक वेळी सुरू होताना आपले सॉफ्टवेअर अस्सल आहे की नाही हे स्वतः तपासतो. शिवाय त्यात वेगळी सुरक्षा चिप असते आणि 2023 मध्ये आलेल्या पिक्सेल 8 पासून पुढच्या फोनना सात वर्षे सुरक्षा अपडेट मिळण्याची हमी आहे. सिस्टीम बसवण्याचे काम ब्राउझर आणि एक केबल यांच्या साहाय्याने होते, आणि सूचना नीट वाचणाऱ्या कोणालाही ते जमेल. मात्र बूटलोडर उघडताना फोनमधला सर्व मजकूर पुसला जातो आणि काही मोबाइल कंपन्यांनी विकलेल्या फोनमध्ये तो उघडताच येत नाही, त्यामुळे खरेदीपूर्वी एवढी चौकशी अवश्य करावी.

रोजच्या वापरात सर्वांत मोलाची ठरलेली सोय दिसायला अगदी साधी आहे. नेहमीच्या अँड्रॉइडमध्ये एखाद्या ॲपने इंटरनेट मागितले की ते त्याला आपोआप मिळते; कॅमेरा किंवा मायक्रोफोनसाठी निदान विचारले जाते, पण नेटवर्कसाठी कोणी विचारत नाही. ग्राफीनओएसमध्ये नेटवर्क ही वेगळी परवानगी आहे आणि ॲप बसवण्याच्या क्षणीच तिची खूण काढून टाकता येते. मी देवनागरी टंकलेखनासाठी वेगळा कीबोर्ड घेतला आणि त्याची नेटवर्क परवानगी पहिल्याच पडद्यावर काढून टाकली. कीबोर्ड म्हणजे आपण लिहिलेला प्रत्येक शब्द, मग तो पाठवलेला असो वा खोडलेला, ज्याच्या हातून जातो असे ॲप. त्याच्या कंपनीचे गोपनीयता धोरण कितीही चांगल्या भाषेत लिहिलेले असले, तरी त्याला बाहेर जाण्याची वाटच नाही ही खात्री मला त्या धोरणापेक्षा कितीतरी अधिक वाटते. शब्दांच्या सूचना येतात, जोडाक्षरे नीट उमटतात आणि कीबोर्डला वाटते की इंटरनेट तेवढे बंद पडले आहे.

फोटो आणि संपर्क यांच्याबाबतीतही हाच विचार दिसतो. एखादे ॲप सर्व फायलींची परवानगी मिळाल्याखेरीज पुढे सरकत नसेल, तर त्याला एकच फोल्डर दाखवता येतो. परवानगी मिळाली असे समजून ते ॲप चालू राहते, पण बाकीच्या फायली त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात. संपर्कांच्या यादीचेही तसेच. ही सोय मला नैतिकदृष्ट्या महत्त्वाची वाटते, कारण माझ्या यादीतले क्रमांक माझे एकट्याचे नाहीत. ज्यांनी ते विश्वासाने दिले त्यांची संमती कोणत्याही ॲपने घेतलेली नसते आणि त्यांच्या वतीने ती देण्याचा अधिकार मलाही नाही. गूगल प्ले लागतेच, पण इथे ते सिस्टीमच्या गाभ्यात विशेष अधिकारांनिशी बसलेले नसते. इतर ॲपप्रमाणेच तेही मर्यादेत राहते आणि नको असेल तेव्हा काढून टाकता येते.

हे सारे कशासाठी, असे मला वारंवार विचारले जाते. लपवण्यासारखे काही नसेल तर काळजी कशाची, हा प्रश्न नागरिकाने सत्तेला स्पष्टीकरण द्यावे असे मानून चालतो. माझी भूमिका नेमकी उलट आहे : माझ्या खासगी आयुष्यात डोकावण्याचे कारण सत्तेने द्यावे, तेही न्यायालयासमोर. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कार्पेंटर खटल्यात असे ठरवले की मोबाइल टॉवरवरून मिळणारी एखाद्याच्या ठावठिकाण्याची दीर्घ काळाची नोंद पोलिसांना सर्वसाधारणपणे वॉरंटशिवाय मिळवता येणार नाही. निकाल चांगला होता, पण वॉरंट लागते ते सक्तीने मिळवण्यासाठी. तीच माहिती बाजारात विकत मिळत असेल तर वॉरंटची गरजच उरत नाही. अमेरिकी गुप्तचर यंत्रणा अशी व्यावसायिक माहिती विकत घेतात, हे तिथल्या राष्ट्रीय गुप्तचर संचालकांच्या कार्यालयाच्या 2023 मध्ये खुल्या झालेल्या अहवालातच मान्य केले आहे. ही माहिती येते साध्यासुध्या ॲपमध्ये जोडलेल्या तिसऱ्याच कंपन्यांच्या कोडमधून. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोड या माहितीची दलाली करणाऱ्या कंपनीला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली, तेव्हा हा मार्ग अनेकांच्या प्रथमच लक्षात आला.

मुक्त बाजारावर माझा विश्वास आहे, आणि म्हणूनच हा व्यवहार मला खटकतो. दोन पक्षांच्या संमतीने झालेला सौदा वेगळा आणि तिसऱ्याच माणसाच्या आयुष्याची नोंद त्याच्या नकळत विकून ती सरकारच्या हाती जाणे वेगळे. त्यावर कायदा हवा असे म्हणणारे प्रामाणिक आहेत, पण कायदा करणारा आणि माहितीचा गिऱ्हाईक एकच असेल तर त्या कायद्यावर मी किती विसंबावे? ॲपला नेटवर्क, ठिकाण आणि सेन्सर यांपैकी काहीच मिळाले नाही, तर विकण्याजोगी नोंद तयारच होत नाही. न जमलेली माहिती मागताही येत नाही आणि विकताही येत नाही.

कुलपाच्या बाबतीतही हेच तत्त्व पाळलेले आहे. फोन बराच वेळ उघडला गेला नाही तर तो स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मूळ मुदत 18 तासांची असते, मी ती बरीच कमी केली आहे. अशा वेळी पिन टाकण्यापूर्वी कोणाचा फोन आला तर पडद्यावर नुसता क्रमांक येतो, नाव येत नाही, कारण संपर्कांची यादी अजून कूटबद्ध असते आणि ती उघडणारी किल्ली पिनशिवाय तयारच होत नाही. आईचा क्रमांक पाठ असूनही पहिल्या वेळी क्षणभर थांबून तो वाचावा लागला, आणि कूटबद्धता म्हणजे काय हे मला कुठल्याही लेखापेक्षा त्या पडद्याने अधिक नीट समजावले. जप्त केलेल्या फोनमधून माहिती काढणाऱ्या यंत्रांना एकदा उघडून पुन्हा कुलूपबंद केलेला फोन तुलनेने सोपा जातो, नुकताच सुरू झालेला आणि एकदाही न उघडलेला फोन फार अवघड जातो. स्वयंचलित पुनरारंभाचा उपयोग तो इथे. कुलूपबंद असताना यूएसबी पोर्टवरून होणारी माहितीची देवाणघेवाणही थांबवलेली असते. याखेरीज बळजबरीच्या प्रसंगासाठी एक वेगळा पिन ठेवता येतो, जो टाकताच फोनमधला मजकूर कायमचा नष्ट होतो. मी तो ठेवलेला नाही. तपास चालू असताना पुरावा नष्ट करणे हा अनेक देशांत गुन्हा आहे, त्यामुळे ही सोय वापरणाऱ्याने आपल्याकडचा कायदा आधी समजून घ्यावा.

आता ज्याचा सुरुवातीला उल्लेख केला ती गोष्ट. माझ्या बँकेचे ॲप सुरुवातीचे काही महिने व्यवस्थित चालले आणि एका अपडेटनंतर उघडताच ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ असा संदेश देऊन बंद होऊ लागले. अशी बरीच ॲप प्ले इंटिग्रिटी नावाच्या सेवेमार्फत गूगललाच विचारतात की हा फोन प्रमाणित आहे का. आणि प्रमाणित म्हणजे गूगलची मान्यता असलेले सॉफ्टवेअर चालवणारा. वर्षानुवर्षे सुरक्षा अपडेट न मिळालेला फोनही या चाचणीची नेहमीची पातळी पार करू शकतो आणि दर महिन्याला अपडेट होणारा, बूटलोडर कुलूपबंद असलेला माझा फोन नापास होतो. म्हणजे तपासली जाते ती मान्यता, सुरक्षितता नव्हे. फोनच्या चिपकडून थेट खात्री करून घेण्याची प्रमाणित पद्धत अँड्रॉइडमध्येच उपलब्ध आहे, ग्राफीनओएस तिला पाठिंबा देते आणि ती वापरून या सिस्टीमला मान्यता देणारी ॲपही आहेत. मी बँकेला हे सर्व मुद्देसूद लिहून कळवले. उत्तर आले ते फोन मूळ स्थितीत आणण्याच्या ठरावीक सल्ल्याचे.

बँक ही खासगी संस्था आहे आणि कोणाशी कसा व्यवहार करावा हे ठरवण्याचे तिचे स्वातंत्र्य मी मानतो. पण बँका, परवाने, ओळखपत्रे आणि सरकारी सेवा या सर्वांची दारे ‘प्रमाणित फोन’ या एकाच अटीवर उघडू लागली, तर ती अट कोणत्याही संसदेत चर्चा न होता नागरिकत्वाची अट होऊन बसते. गूगलने ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर केले की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसवायच्या ॲपच्या निर्मात्यांना आपली ओळख नोंदवावी लागेल, आणि त्याची सुरुवात सप्टेंबर 2026 पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड या देशांत होईल. टीकेनंतर जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवण्याचे आश्वासनही दिले. फसवणूक रोखण्याचा हेतू मी खोटा म्हणत नाही. परंतु ॲप बनवणाऱ्या प्रत्येकाची ओळख एकाच कंपनीकडे जमा असेल, तर नको असलेले ॲप बंद पाडू पाहणाऱ्या सरकारला यापुढे एकाच दारावर थाप मारावी लागेल, आणि मला भीती वाटते ती याची.

किरकोळ गोष्टी थोडक्यात. बॅटरी आणि वेग यांबाबत मला तक्रार नाही. पिक्सेलचे मूळ कॅमेरा ॲप वेगळे बसवता येते आणि नेटवर्कशिवाय उत्तम चालते. गूगल पेने फोन टेकवून पैसे देता येत नाहीत, कारण तिथेही तीच प्रमाणिततेची अट आहे. बॅकअपची सोय आहे, पण गूगलच्या क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, सर्व काही आपोआप जाण्याची सवय असलेल्यांना ती अपुरी वाटेल. मी महत्त्वाच्या फायली दर आठवड्याला कूटबद्ध डिस्कवर उतरवून घेतो.

ज्यांचे काम एखाद्या अशाच ॲपवाचून अडते, त्यांनी ते ॲप ग्राफीनओएसवर चालते की नाही हे आधी पाहावे आणि चालत नसेल तर त्या संस्थेला लेखी विचारावे. अशी विचारणा करणारे ग्राहक आज मोजके असल्यामुळेच ठरावीक उत्तरे येतात. माझ्यापुरता मी बँकेचा व्यवहार ब्राउझरमधून करू लागलो आहे, आणि चिपकडून खात्री करून घेणारी दुसरी बँक सापडली तर खाते तिकडे हलवणार आहे.