फिल्टर-सायलेन्सर बदलताय? आधी ही डबी घ्या: ईएलएम३२७ ब्लूटूथ स्कॅनर

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हजार रुपयांच्या आत मिळणारी, काडेपेटीहून जरा मोठी डबी. स्टीअरिंगखालच्या ओबीडी (गाडीच्या तपासणीच्या) सॉकेटमध्ये खोचायची, १२३४ टाकून फोनला जोडायची आणि टॉर्कसारखं ॲप उघडायचं. लोक ती एरर कोड वाचायला घेतात. तिचं खरं मोल मात्र फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन वाढवतोय (अधिक) किंवा घटवतोय (उणे) तो आकडा, दाखवण्यात आहे. फ्री-फ्लो (हवा मोकळी सोडणारा) एअर फिल्टर आणि सायलेन्सर बसवला की ‘आता ट्यूनिंग, म्हणजे कॉम्प्युटरमधला इंधनाचा हिशेब बदलणं, करावंच लागेल’ असं सरसकट सांगितलं जातं. ते खरंच लागणार आहे का, हे ही डबी सांगते.

इंजिनचा कॉम्प्युटर आत येणारी हवा मोजतो आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. जमलं की नाही, हे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर कळवतो. साधा नॅरोबँड सेन्सर (मिश्रण फक्त कमी की जास्त एवढंच सांगणारा) असेल तर ०.१ व्होल्टकडे लीन (इंधन कमी), ०.९ कडे रिच (इंधन जास्त). त्यावरून तिथल्या तिथे होणारी दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम. तीच दुरुस्ती पुन्हापुन्हा लागली की ती लाँग टर्ममध्ये जमा होते. वाचायची ती दोन्हींची बेरीज. एकटा आकडा फसवतो.

पार्ट लावण्याआधीचं रीडिंग घ्याच. कूलंट ८० अंशांवर गेल्यावर, एसी बंद ठेवून तीन नोंदी करा: आयडलला, जागेवर २५०० आरपीएमला आणि ईस्टर्न फ्रीवेवर एकसारख्या ६० च्या वेगाला. पेट्रोल पंपही एकच ठेवा. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) साधारण १३.५ पट. त्यामुळे ई१० वर बेतलेली गाडी ई२० भरल्यावर आपोआप चारेक टक्के जास्त इंधन मागते. हा फरक नव्या फिल्टरच्या नावावर लिहिला जातो आणि निष्कर्ष चुकतो.

पार्ट बसवल्यावर दोन-तीन दिवस नेहमीसारखी गाडी चालवा, मग त्याच तीन नोंदी पुन्हा घ्या. बेरीज उणे-अधिक ५ च्या आत असेल तर कॉम्प्युटरने सांभाळून घेतलंय, खर्च करू नका. नुसता मागचा सायलेन्सर बदलला असेल तर बहुतेक वेळा हेच दिसतं. १० च्या पुढे गेली तर कारण शोधा. बऱ्याच गाड्यांत अधिक २५ च्या आसपास पी०१७१ (मिश्रण लीन) कोड येऊन डॅशबोर्डवरचा इंजिनचा लाइट लागतो.

कारण आकड्यांच्या चालीतच सापडतं. आयडलला अधिक १५ आणि २५०० ला २-३ असेल तर इनटेकच्या पाइपातून किंवा क्लॅम्पमधून न मोजलेली हवा शिरतेय. आयडलला एकूण हवाच थोडी, म्हणून गळती तिथे मोठी दिसते. उलट लोडबरोबर आकडा वाढत गेला तर एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) हवा कमी मोजतोय किंवा फ्युएल पंप कमी पडतोय. सेन्सरची नळी ६० मिमीची ६३ झाली तरी क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढतं, आणि जुन्या हिशेबाने चालणारा कॉम्प्युटर तेवढं इंधन कमी सोडतो. तेल लावलेल्या फिल्टरचं जादा तेल सेन्सरच्या तारेवर बसलं तरी मोजमाप बिघडतं.

सर्वांत फसवी चूक हेडरच्या (इंजिनला जोडलेल्या एक्झॉस्ट पाइपांच्या) गॅस्केटची. सेन्सरच्या अलीकडे बारीक गळती असेल तर एक्झॉस्टच्या दोन धक्क्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रण लीन आहे, कॉम्प्युटर इंधन वाढवतो, प्लग काळे पडतात आणि ॲव्हरेज घसरतं. थंड इंजिन सुरू करून कुणाला तरी कापडाने टेलपाइप क्षणभर दाबायला सांगा. गळती असेल तर फ्लँजपाशी (पाइपाच्या जोडापाशी) फुसफुस ऐकू येते. हे न तपासता मॅप (कॉम्प्युटरमधला इंधनाचा तक्ता) बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

इनटेक तापमानाचा आकडाही पाहा. बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर लावून एलबीएस मार्गाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात की तो चढताना दिसतो. ३३ अंशांची हवा ५८ ची झाली की घनता ८ टक्के घटते. मुंबईत बंद एअरबॉक्समधला फिल्टरच बरा, आणि पावसाळ्यात तर इनटेकचं तोंड खाली नेणं धोक्याचंच. हिंदमातासारख्या ठिकाणी पाणी थेट सिलिंडरमध्ये जाऊ शकतं.

डबीची मर्यादा फुल थ्रॉटलला आहे. तिथे कॉम्प्युटर बहुधा सेन्सरचं ऐकणं सोडून ठरलेल्या तक्त्यावर चालतो, आणि नॅरोबँडचे ०.८८ व्होल्ट हे मिश्रणात हवा इंधनाच्या १२.५ पट आहे की ११ पट हे सांगत नाहीत. हेडर आणि इनटेक दोन्ही बदलून जोरात चालवायची असेल तर बॉश एलएसयू ४.९ वाइडबँड (मिश्रणाचा नेमका आकडा देणारा सेन्सर) बसवून घ्या. सेन्सरचा बंग (पाइपावर वेल्ड केलेली आट्यांची कडी) एम१८ बाय १.५ चा, कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी, आणि सेन्सर आडव्यापासून निदान १० अंश वर कललेला, नाहीतर त्यात पाणी साचून तो मरतो.

खरेदी करताना २.१ आवृत्तीच्या स्वस्त नकला टाळा. अनेकींत काही कमांडच चालत नाहीत. आयफोनवाल्यांनी वायफाय किंवा ब्लूटूथ एलई असलेली घ्यावी. बहुतेक बीएस६ बाइकना सहा पिनांचा वेगळा अडॅप्टर लागतो. ॲपमध्ये एका वेळी चार-पाचच आकडे लावा, जास्त लावले की सगळेच रेंगाळतात. आणि गाडी पार्क केल्यावर डबी काढून ठेवा. सॉकेटच्या १६ नंबर पिनला चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो.