ब्लोअरची मोटर: दुरुस्त करू की नवी टाकू?
मामेभाऊ अडलाय: गाडीचा ब्लोअर (एसीची हवा आत फेकणारा पंखा) किरकिरतो, मधूनच थांबतो. अरे, आधी मोटरच गेलीय का ते बघ. नॉबवाल्या गाडीत पंखा फक्त शेवटच्या स्पीडवर फिरत असेल, तर बहुतेक रेझिस्टर (पंख्याचा वेग कमी करणारा भाग) जळालाय, तेवढाच बदल. सगळ्याच स्पीडवर बंद? फ्यूज बघ, मग मोटरच्या कनेक्टरवर 12 व्होल्ट मोज. येतायत आणि तरी फिरत नाही, तर दोष मोटरचा. (नुसता आवाज पंख्यात अडकलेल्या पाल्यानेही येतो.)

खर्चात दुरुस्ती स्वस्त: नवे कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे), बुशला (दांडा ज्यात फिरतो त्या कड्याला) थोडं तेल. टिकाऊपणात मात्र नवी पुढे. ब्रश ज्यावर घासतात तो कम्युटेटर झिजला असेल तर नवे ब्रशही लवकर संपतात, की पुन्हा डॅशबोर्डखाली आडवं व्हा.

गाडी लवकरच विकणार असशील तर ब्रश पुरे. पावसाळ्यात रोज घाट चढतोस, काच धुरकटते, तर नवीच टाक.