कोहा : फुकट ते पौष्टिक, पण चावून खावं लागतं

सदाशिव पेठेजवळच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. कोहा वापरायला लागून तीन वर्षं झाली. ग्रंथालयाचं हे सॉफ्टवेअर २००० साली न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात सुरू झालं आणि तेव्हापासून मोफतच आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. भेट घेतली की परतफेड आलीच, ती इथे आपल्या वेळात करावी लागते.

देवघेव, दंड, बारकोड यांवर सगळेच लिहितात, ते सोडते. मला लिहायचंय ते मार्चबद्दल. आमच्या पाच कॉलेजांचा कॅटलॉग, म्हणजे पुस्तकांची यादी, सामाईक आहे. एकाने पुस्तकाची नोंद (लेखक, शीर्षक, विषय वगैरे माहिती) केली की बाकीच्यांनी ती आयती घ्यायची. मग दर मार्चला प्रत्येकाने हिशेब द्यायचा : स्वतः किती नोंदी केल्या, आयत्या किती घेतल्या, दुसऱ्याच्या किती सुधारल्या.

याचं उत्तर प्रत्येक नोंदीत लिहिलेलं असतं, मार्क २१ च्या ०४० या रकान्यात. (मार्क २१ म्हणजे संगणकावर पुस्तकाची नोंद लिहायचा ठरलेला साचा.) ‘ए’मध्ये मूळ नोंद करणारा, ‘सी’मध्ये ती संगणकात उतरवणारा, ‘डी’मध्ये सुधारणारा. झेड ३९.५० (दुसऱ्या ग्रंथालयाच्या कॅटलॉगमधून नोंदी आणायची सोय) वरून अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची नोंद ओढली की ‘ए’त बहुतेकदा ‘डीएलसी’ हा त्या ग्रंथालयाचा कोड आयता येतो. आपण विषय किंवा नावाचं स्पेलिंग दुरुस्त केलं तर ‘डी’त आपला कोड घालायचा. पण कोहा ते आपणहून घालत नाही. आमच्याकडे पहिलं वर्षभर कुणीच घातला नाही, त्यामुळे सुधारणा शून्य. काम झालं होतं, कागदावर नव्हतं. चूक माझी, सूचना मीच द्यायला हवी होती.

रिपोर्टचं दालन मात्र झकास. तयार रिपोर्ट आहेत, पण ते आपल्या प्रश्नाला पुरत नाहीत, एसक्यूएलची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला त्याच्या भाषेत विचारायचा प्रश्न, लिहावी लागते. मी कला शाखेची, क्वेरी म्हटलं की पोटात गोळा. इंटरनेटवरून एक उचलली, तर ती एरर देऊन थांबली. दोन दिवसांनी कळलं की कोहाच्या १७.०५ आवृत्तीपासून मार्कचा मजकूर वेगळ्या टेबलात हलवलाय आणि माझी क्वेरी जुन्या पत्त्यावर शोधत होती. टेबलाचं आणि रकान्याचं नाव बदललं नि चालली. आता ती साठवून ठेवलीय. दर वर्षी फक्त तारखा विचारते, आकडे एक्सेलमध्ये उतरवता येतात.

पहिल्या रिपोर्टने तर आमची वरातच काढली. वर्षभरात सगळं ग्रंथालयच नव्याने नोंदवल्यासारखा आकडा आला! सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या एजन्सीने जुना डेटा त्याच वर्षी आत टाकला होता आणि कोहाने प्रत्येक नोंदीवर त्या दिवसाचीच तारीख मारली. ते आम्हाला सांगावं असं एजन्सीला वाटलं नाही. शेवटी दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची जुनी वही) काढून त्या दिवसाच्या नोंदी वगळल्या.

मराठी पुस्तकांत खरी गंमत. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मराठी नोंदी आहेत, पण बऱ्याचशा रोमन लिपीत : ‘ण’साठी खाली टिंब दिलेला ‘एन’, ‘ळ’साठी टिंब दिलेला ‘एल’. शीर्षक देवनागरीत शोधलं की ‘काहीही सापडलं नाही’. जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांकही नसतो, म्हणजे नोंद आधीच आहे का हे ताडून पाहणारा जुळवणीचा नियम लंगडा आणि दुहेरी नोंदी हमखास. अप्पा बळवंत चौकातून आणलेली क्रमिक पुस्तकं पटापट होतात, शंभर वर्षांपूर्वीचं एखादं कीर्तन-आख्यान मात्र अर्धा दिवस खातं. हिशेबात दोन्ही नोंदी एकच, ही माझी तक्रार. पण ती कोहाबद्दल नाही, हिशेबाची पद्धत ठरवणाऱ्या आमच्या पाच कॉलेजांच्या बैठकीबद्दल आहे.

पाचपैकी चार तारे. सोबत मार्क समजणारं माणूस असेल तर जरूर घ्या. नसेल तर कॉलेजने आधी माणूस नेमावा. सर्व्हरचा आणि तो सांभाळणाऱ्याचा खर्च आहेच, ‘मोफत’वर जाऊ नका.

यंदाचा अहवाल चहा निवायच्या आत निघाला. उरलेली दुपार शेजारच्या कॉलेजच्या सरांना फोनवर समजावण्यात गेली, की एका पुस्तकाच्या दहा प्रती म्हणजे दहा नोंदी नव्हेत. ते म्हणाले, “पण मॅडम, बारकोड तर दहा चिकटवले ना?”