सोरायसिसची खाज आणि लॉजमधल्या पुड्या

गणपतीला चाकरमानी यायच्या सुमारास आमच्याकडच्या एसटी स्टँडवर पिवळे कागद चिकटतात. ‘सोरायसिस मुळापासून बरा, चार दिवसांत खाज बंद.’ यातली खाजेची गोष्ट खरी असते, आणि घात तिथेच होतो.

मी एसटीत कंडक्टर आहे आणि मला सोरायसिस आहे, म्हणजे कातडीवर कोंडा सुटणारे चट्टे उठवणारा आजार. कोपरं, गुडघे, कंबर, डोकं, सगळीकडे चट्टे. लोकांना चट्टे दिसतात, खाज दिसत नाही. दमट हवेत घामाने युनिफॉर्म अंगाला चिकटला की जीव नकोसा होतो. त्यात वस्तीची गाडी असली की रात्री ड्रायव्हरच्या शेजारी आडवं व्हायचं, आणि ही खाज नेमकी रात्रीच चढते. सकाळी चादरीवर कोंडा आणि रक्ताचे ठिपके. ओरबाडावं तर तिथेच नवा चट्टा उठतो. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पण हे गाडीतल्या किती जणांना सांगणार? सुट्टे पैसे घेताना माझ्या हाताला हात लागू नये म्हणून जपणारे रोज भेटतात.

त्वचेच्या डॉक्टरांकडे दहा प्रश्नांचा एक कागद असतो. आजारामुळे जगणं किती अडतं ते त्यावरून मोजतात. पहिलाच प्रश्न खाज, आग, दुखणं याबद्दल. पुढे कपडे, कामधंदा, चारचौघांत मिसळणं, अगदी नवरा-बायकोचं नातंसुद्धा. त्या पिवळ्या कागदांवरच्या पुडीवाल्याकडे मीही गेलो. त्याला डॉक्टरांचा हा कागद पाठ असावा. चट्टे बघायच्या आधीच त्याने विचारलं, ‘रात्री झोप लागते का?’

तो लॉजच्या खोलीत बसायचा. राखाडी पूड, कागदाच्या पुड्या. त्यावर ना नाव, ना घटक, ना बॅच नंबर, ना परवाना क्रमांक. महिन्याचे साडेतीन हजार, तेही रोख. पावती मागितली तर ‘सेवा आहे ही’. डॉक्टरांची मलमं बंद करायची आणि मासळी, आंबट, वांगं वर्ज्य. (कोकणात मासळी सोडून कोण किती दिवस काढणार? म्हणजे उलटलं तर ‘पथ्य मोडलंत’ म्हणायला तो मोकळा.)

चार दिवसांत खाज खरोखर थांबली. रात्रभर झोप लागायला लागली, चट्टे फिके पडले, भूक वाढली. तोंड गोल झालं, तर डेपोत सगळे म्हणाले, तब्येत सुधारली हो!

पावसात तो आलाच नाही. पुड्या संपत आल्या म्हणून मी घेणं थांबवलं आणि आठवड्याभरात अंग लालभडक झालं, पायांवर पुवाचे बारीक फोड आले, थंडी वाजून ताप भरला. रत्नागिरीला दाखल व्हावं लागलं. रक्तात साखर वाढलेली, सकाळचं कॉर्टिसॉल (शरीर स्वतः बनवतं ते एक हार्मोन) खालावलेलं. डॉक्टर मॅडमनी पहिलाच प्रश्न केला, ‘पुडी कोणाकडून घेत होतात?’ त्यांच्या मते त्यात स्टेरॉइडच असणार.

त्यांनी समजावलं ते असं. पोटातून स्टेरॉइड गेलं की सोरायसिस झटकन दबतो. ते एकदम थांबलं की तो उसळून वर येतो, कधी कधी पुवाच्या फोडांसकट. शिवाय बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायचं कमी करतं. म्हणून घरात कोणी अशा पुड्या घेत असेल तर हे वाचून आजच्या आज बंद करू नका. पुडी दाखवायला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. कशी कमी करायची ते तेच ठरवतील.

आता मी मेथोट्रेक्सेट नावाचं डॉक्टरांनी दिलेलं औषध घेतो, आठवड्यातून एकदाच (रोज घेतलं तर जिवावर बेततं), अधूनमधून रक्त तपासतो. आजार कायमचा जाईल असं मॅडम म्हणत नाहीत, आटोक्यात राहील म्हणतात. खाज आहे, पण झोपू देते.

उरलेल्या पुड्या फेकू नका, पुरावा असतो तो. मी माझ्या उरलेल्या पुड्या अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात अर्जासोबत दिल्या. त्या लॉजवरही चौकशी केली. गौरी-गणपती झाल्यावरची खोली पुडीवाल्याने आताच सांगून ठेवली आहे, फक्त मोबाइल नंबर नवा आहे.