लाकडी पेटी की पितळी घंगाळ: आधी काय हाती घ्यावं?

पुण्यात जुन्या वस्तू घरी नीट करायचा छंद ज्याला लागतो, तो बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून बहुधा पितळ घेऊन येतो. फ्लॅटमध्ये मावतं, चिंच लावली की लखलखतं. माझा सल्ला उलटा आहे. पहिली वस्तू लाकडाची घ्या.

लाकडावर केलेलं बरंचसं काम परत फिरवता येतं. जुन्या सागवानी पेटीवर बहुधा लाखेचं पॉलिश असतं. स्पिरिटचा बोळा मागच्या कोपऱ्याला टेकवा. चिकट लागलं तर लाखच. ती स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते, म्हणून सगळं खरवडायची गरज नसते. सांधे सरसाचे असतील तर ऊब आणि ओल दिली की सुटतात, ताज्या सरसाने परत बसतात. पॉलिशवाले पीयू (पॉलियुरेथेन, प्लास्टिकसारखा कडक थर) सुचवतील. जेवणाच्या टेबलाला ते उत्तमच, पण स्पिरिटने निघत नाही. पुढे काढायचं तर पॉलिश पेपरने लाकडाचा जुना रंगही जातो.

पितळेला ही सवलत नाही. वरचा काळपट थर धातूपासूनच बनलेला असतो. आंबट फार वेळ राहिलं तर पितळेतलं जस्त निघून जातं आणि गुलाबीसर डाग उरतात. शिवाय आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत. बफिंगच्या चाकाखाली नाव, गाव, आहेराची तारीख पुसट होते, मग घंगाळ उरतं मोडीच्या भावाचं. पितळच हवं असेल तर साबण, कोमट पाणी, मऊ ब्रश आणि लगेच कोरडं करणं, एवढंच. पोचे काढायला कसबा पेठेतली तांबट आळी आहे, घरी हातोडी चालवू नका. नुसतं मांडून ठेवायचं असेल तर कल्हईही नको.

(मूर्तींच्या वाटेला दोन्हीकडे जाऊ नये. १०० वर्षांहून जुन्या मूर्तीची १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार नोंदणी लागते.)

लाकडाला जागा लागते, आणि स्पिरिट पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी, गॅस बंद. भोकांतून ताजा भुसा पडत असेल, म्हणजे आत कीड असेल, तर पेटी कितीही स्वस्त असो, सोडून द्या. पावसाळी दमट हवेत लाखेवर पांढुरकी छटा येते, तेव्हा पॉलिश दसऱ्यानंतरच. तोवर हात शिवशिवलेच तर एखादं साधं, बिननावाचं पितळी तपेलं धुवायला घ्या.